तडा कोणी पाडला?

पेणच्या गणपती कारखान्यांत शाडूची मूर्ती सावलीत वाळवतात. उन्हात वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि मूर्ती तडकते. दोष कोणाचा? मातीचा, उन्हाचा, की मूर्ती तिथे ठेवणाऱ्या हाताचा?

अणुभट्टीत हाच प्रश्न जीवघेणा ठरू शकतो. निकेलचे मिश्रधातू सहसा गंजत नाहीत, म्हणून ते निवडले गेले. पण 350 अंश सेल्सिअसच्या शुद्ध पाण्यातही त्यांपैकी इन्कोनेल 600 ला भेगा पडतात, हे फ्रान्सच्या आंरी कोरियू यांनी 1959 मध्येच दाखवले होते. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : भेग धरणारा धातू, त्याला ओढणारा ताण आणि तसे पाणी. वेल्डिंग थंड होताना आत उरलेला ताणही पुरतो. भेग पडली की नळी गळते, आणि गळक्या नळ्या महाराष्ट्रालाही नव्या नाहीत. तारापूरच्या 1969 च्या दोन भट्ट्या दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्याने 210 वरून 160 मेगावॅटवर आणाव्या लागल्या.

मग कर्ता कोण?

गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे सांगतो : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याची समज तो अपुरी ठरवतो. पण पाचांत वाटणी झाली म्हणून कर्त्याचा वाटा शून्य होत नाही. 1920 मध्ये रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी गीतेचा हा विचार शेतात उतरवला. ‘योगेश्वर कृषी’ची जमीन कोणा एकाची नसते, तरी ज्याची पाळी असेल तो तिथे भक्तिभावाने राबतो.

अमेरिकेतील ओहायोच्या डेव्हिस-बेसी केंद्रात नेमकी ही पाळी चुकली. तिथे त्याच इन्कोनेल 600 च्या नळीला भेग पडली, बोरिक आम्लाचे पाणी झिरपले आणि त्याने भट्टीच्या झाकणाचे पोलाद खाल्ले. मार्च 2002 मध्ये दिसले, की त्या जागी जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचे स्टेनलेस अस्तर उरले आहे. झाकणावरचे तांबूस थर 2000 सालच्या छायाचित्रांत टिपलेले होते. 2001 अखेरपर्यंत तपासणी करावी, असे नियामकांचे म्हणणे होते. कंपनीने ती फेब्रुवारीपर्यंत लांबवून घेतली. धातू, ताण आणि पाणी यांना डोळे नव्हते. माणसांना होते, आणि म्हणून दोष त्यांचाच.

रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक कारखान्यांतही वेल्ड केलेल्या नळ्यांतून उष्ण द्रव वाहतात. तिथल्या कामगाराने डाग दाखवला, तर व्यवस्थापकांनी त्याच पाळीत काम थांबवून तो तपासावा.