समजले का?



दाखले सांगून झाल्यावर प्रभू येशूने शिष्यांना विचारले, की हे सारे समजले का (मत्तय १३:५१). बांगलादेशात जुलाबाने बाळे दगावत, तेव्हा १९८० पासून ब्रॅक संस्थेच्या सेविका घरोघर गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढेच त्या आयांना शिकवीत आणि त्यांच्याच हातून करवून घेत. मागाहून दुसरे कोणी येऊन काही आयांना विचारी. जितक्यांच्या ध्यानात राहिले, तितका सेविकेला मोबदला! (आम्हा उपदेशकांना हा नियम लावला तर कठीणच.)

डेंग्यूच्या दिवसांत पिंप आठवड्याला रिकामे करून घासा, ही सूचना आपण मिस्सानंतर वाचतो आणि उठतो. घरी अंथरुणावर असलेल्या आजीला, पाणी भरणाऱ्या सुनेला ती कोण सांगते? आज जेवताना सांगू या, आणि त्यांच्याच तोंडून पुन्हा ऐकू या.