धोक्यातलं पोरगं

दोस्तहो, मी एकदा पोलिसांना आपल्याच पोरांची यादी दिलेली आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवायची चूक तुम्ही करणार नाही.

आमच्या वस्तीत विहाराला लागून पत्र्याची अभ्यासिका आहे. चार ट्यूबलाइट, दोन पंखे, त्यातला एक कायम बंद. एका संध्याकाळी चौकीतला हवालदार आला. आपलाच माणूस, जयभीमवाला. आला तो वर्दीतच. म्हणाला, "सर, पोरांसाठी योजना आलीय. फुटबॉल, भरतीची तयारी, व्यसनमुक्तीचं व्याख्यान. सरकारचा पैसा आहे, मार्चनंतर परत जाईल. तुम्ही फक्त वाट चुकायच्या बेतात असलेल्या पोरांची नावं द्या." फॉर्मवर रकाने आखलेले होते. नाव, वय, पत्ता, बापाचा धंदा, मोबाईल नंबर. शेवटचा रकाना 'वर्तणूक'. मी एका बैठकीत २३ नावं लिहिली. अक्षरही चांगलं काढलं.

टी-शर्ट आले, एक बॉल आला, साहेबांबरोबर फोटो झाला. बॉल महिनाभरात फाटला. यादी टिकली. पुढच्या वर्षी बाजारपेठेत मोबाईलचं एक दुकान फुटलं, तेव्हा चौकीतून पहिली बोलावणी आली ती या २३ जणांना. त्यातल्या सतरा वर्षांच्या एका पोराला रात्रभर बाकड्यावर बसवून ठेवलं. हात लावला नाही, असं हवालदारानं मला शपथेवर सांगितलं आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. चोर दुसराच निघाला. पण ते पोरगं पुन्हा अभ्यासिकेची पायरी चढलं नाही. आता मार्केट यार्डात हमाली करतं. त्याची आई मला रस्त्यात भेटली. "दादा, त्याचं नाव तुमीच लिवलं व्हतं ना?" एवढंच बोलली. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून एक शब्द मला छळतो आहे. सरकारी कागद म्हणतो, 'धोक्यातली मुलं'. धोक्यात असलेला आणि धोकादायक, या दोघांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. एकाला वाचवायचं असतं, दुसऱ्यापासून वाचायचं असतं. त्या फॉर्मवर हे अंतर पुसलं गेलं होतं. पोरगं कुणापासून धोक्यात आहे, असा रकानाच तिथं नव्हता. वर्तणूक पोराची लिहायची. धोका पोराच्या आत आहे असं धरूनच कागद छापलेला. आणि मी शिकलासवरलेला माणूस, मला ते दिसलं नाही.

कायदा वाईट नाही हो. २०१५ चा बाल न्याय अधिनियम काढून वाचा. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी हवा. जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक हवं, त्यात दोन सामाजिक कार्यकर्ते, पैकी एक बाई. पोराला कोठडीत कधीच टाकायचं नाही. २०१६ चे नियम तर सांगतात, पोरांशी बोलताना पोलिसानं शक्यतो साध्या कपड्यांत असावं. कागद मायाळू आहे. कागद चालवणारा हात मात्र संशय घ्यायला शिकवलेला आहे. त्यात हवालदाराला दोष देऊन भागत नाही, तोच त्याचा धंदा. डॉक्टरला ताप दिसतो, सावकाराला तारण दिसतं, पोलिसाला संशयित दिसतो. अशा हातात मायेचा पैसा दिला की तो संशयाच्या वहीत जमा होतो.

ही वही जुनी आहे. १८७१ साली इंग्रजानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्यात तर ६ ते १८ वर्षांची पोरं आईबापांपासून तोडून सुधारशाळेत घालायची सोय होती. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसांची हजेरी घेत, आणि या सगळ्याला 'सुधारणा' म्हणत. खर्च सरकारी तिजोरीतून. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. वही संपली का, ते पारध्याच्या पोराला विचारा.

हे आपल्याच देशात होतं असं समजू नका. ज्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथरांकडून १९७२ साली मुंबईत आपल्या पँथरनं नाव घेतलं, त्यांच्या कॅलिफोर्नियातली गोष्ट. तिथल्या पोलिसांची, टोळीत असल्याचा संशय असलेल्यांची एक संगणकी यादी. नाव कॅलगँग. २०१६ साली राज्याच्या हिशेबतपासनीसानं ती उघडली, तर ४२ नावं अशी सापडली, की नोंद करताना त्या माणसाचं वय एक वर्षाच्या आत. आणि त्यातल्या २८ जणांनी, आपण टोळीत आहोत, असं म्हणे स्वतः कबूल केलेलं! तान्ह्या लेकरांनी. हसू येतं, मग हसू जिरतं.

पण त्याच ऑकलंडच्या शेजारी रिचमंड नावाचं शहर आहे. तिथल्या नगरपालिकेनं २००७ साली पोरांना बंदुकीपासून वाचवायला वेगळं खातं काढलं, पोलीस खात्याच्या बाहेर. पोरांकडे जाणारी माणसं त्यांच्याच गल्लीतली, त्यात तुरुंग भोगून आलेलीही होती. दंडक एकच, पोरानं सांगितलेलं पोलिसांच्या कानावर घालायचं नाही. २०१० पासून काही पोरांना महिन्याला हजार डॉलरपर्यंत भत्ताही सुरू झाला. २००७ साली त्या शहरात ४७ खून झाले होते, २०१४ साली ११. सगळं श्रेय एका खात्याचं, असं मी म्हणणार नाही. त्याच काळात तिथल्या पोलिसांनीही आपली रीत बदलली होती. पुढं २०१९ साली राज्यानं आपल्या अनुदानालाच अट घातली. शहराला मिळालेल्या पैशातला निदान अर्धा पोलिसांखेरीज दुसऱ्यांच्या हाती गेला पाहिजे. पैसा सरकारचाच, पण दार बदललं.

बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं सायमन कमिशनला जे निवेदन दिलं, त्यात या दोन्ही दारांचा विचार आहे. अस्पृश्यांचं शिक्षण हा प्रांताच्या महसुलावरचा पहिला भार समजा, ही एक मागणी. लष्कर, आरमार आणि पोलिसांत आमच्या भरतीला जातीची आडकाठी नको, ही दुसरी. आमचा हवालदार हे दुसऱ्या मागणीचं फळ. पहिल्या मागणीचं काय झालं ते बघायचं असेल तर आमचा बंद पंखा बघून जा.

आता तुमच्यातला कुणीतरी उसळून म्हणेल, मग पोलीस नकोच का? अ‍ॅट्रॉसिटी झाल्यावर कुणाच्या दारात जाता? बरोबर आहे. आणि इथंच माझं मन मला सोप्या घोषणेवर थांबू देत नाही. २८ एप्रिल २०१४. नगर जिल्ह्यातलं खर्डा. सतरा वर्षांचं आपलं शाळकरी पोरगं. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो म्हणून शाळेतून मारत नेलं आणि जिवानिशी संपवलं. २०१७ च्या नोव्हेंबरात आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फितूर झाले होते. धोक्यातलं पोरगं म्हणतात ते हे. त्याचं नाव कुठल्या योजनेच्या यादीत बसलं असतं? वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिलं असतं? नियमित शाळेत जातो, एवढंच.

म्हणून मी माझ्यापुरता हिशेब असा मांडला आहे, चुकत असेल तर पुढच्या अंकात झोडा. धोका बाहेरून चालून येत असेल, हातात काठ्या घेऊन, तर त्याला अडवायची ताकद वर्दीत आहे. तिथं सरकारनं पोलिसांवर पैसा ओतावा आणि आपण तो हक्कानं मागावा. २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं शक्तिवाहिनी खटल्यात सांगून ठेवलंय, जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष हवा, आणि जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्यांसाठी सुरक्षागृहाचा विचार राज्यांनी करावा. तुमच्या जिल्ह्यात ते कुठं आहे, एकदा विचारून या. पण धोका पोराच्या आतच आहे असं धरून, त्याचं पुस्तक, त्याचा बॉल, त्याची भाकर चौकीच्या खिडकीतून मिळणार असेल, तर त्या खिडकीसमोर आपण रांग लावू नये.

यंदा हवालदार पुन्हा फॉर्म घेऊन आला. मी कोरा परत दिला. तो रागावला. "तुमच्यासारखी शिकलेली माणसंच पोरांचं नुकसान करतात," म्हणाला. त्याचंही काही चूक नव्हतं. त्या पैशात चाळीस पोरांचे बूट आले असते.

त्यानंतर दोन महिन्यांनी, रात्री साडेदहाला, अभ्यासिकेत एक जोडपं आलं. पोरगा आपला, बावीसचा. पोरगी गावातल्या मोठ्या घरची, वीस वर्षांची. दुपारीच रजिस्टर लग्न केलेलं, मागावर तिचे भाऊ. मी दार आतून लावलं आणि हवालदारालाच फोन केला. तो बनियनवर शर्ट चढवून, आपल्या मोटरसायकलवर दहा मिनिटांत आला. खिशातून वही काढून म्हणाला, "सर, नावं सांगा." माझी जीभ क्षणभर उचलेना. मग सांगितली. दोघांची पूर्ण नावं, वयं, पत्ते. तिच्या भावांचीही.

मला पाठीमागं बसवून, त्या दोघांच्या रिक्षामागून, तो त्यांना जिल्ह्याच्या मोठ्या कार्यालयात घेऊन गेला. सुरक्षागृहाची खोली कुठली, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. हवालदार या टेबलावरून त्या टेबलावर आदेशाची झेरॉक्स दाखवत फिरत होता. सकाळचे अकरा वाजेपर्यंत ती दोघं बाकड्यावर बसून होती, एकमेकांचा हात न सोडता.