सोडले आणि बुडवले

सज्जनहो, मुळशी खोऱ्यातून उठवलेल्या एका कुटुंबाच्या घरी काल्याच्या कीर्तनानंतर प्रसादाला बसलो होतो. घरातल्या मुलाने भिंतीवरचा जुना फोटो उतरवून माझ्यापुढे धरला. पहिल्या महायुद्धातून परतलेला त्याचा पणजोबा. अंगात खाकी, पिंडऱ्यांना पट्ट्या, ताठ उभा. त्याच्या मागे गावच्या देवळाची दीपमाळ. फोटोला कसर लागलेली, मधोमध चीर गेलेली. मुलगा म्हणाला, "बुवा, भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतात. यातही देऊळ आहे. मग हा धरणात सोडू का?"

मी सवयीने बोलून गेलो, "सोड बाळ. दगड बुडाला म्हणून देव थोडाच बुडतो?"

त्याची आजी चुलीपासून म्हणाली, "देव नाही बुडाला, बुवा. बुडालो ते आम्ही."

माझा घास हातातच राहिला.

मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यातली ५० च्या आसपास गावे टाटा कंपनीच्या धरणासाठी गेली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. बायाबापड्याही तुरुंगात गेल्या. तीन वर्षे झुंज चालली, पण धरण झालेच. ते पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते, तिथे वीज होते आणि ती वीज मुंबईला गेली. दूरदेशी सरकारसाठी लढून आलेल्या शिपायाला आपल्या अंगणातली दीपमाळ राखता आली नाही.

मुंबईत मी कितीतरी कीर्तने केली, ती विजेच्या दिव्याखालीच. त्या उजेडात वैराग्य सांगताना ही विझलेली दीपमाळ एकदाही आठवली नाही.

आता विचार करा. तुकोबारायांच्या चरित्रात इंद्रायणी दोनदा येते. एकदा त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते स्वतःच्या हाताने डोहात सोडली. पुढे लोकांनी त्यांना गाथा बुडवायला लावली. डोह तोच, नदी तीच. खते सोडल्यावर महाराज हलके झाले. गाथा बुडाल्यावर मात्र तेरा दिवस अन्नपाण्याविना काठावर बसून राहिले. 'सगळे नाशवंत आहे, जाऊ द्या' असे म्हणून ते घरी गेले नाहीत. ज्यांच्याएवढा विरक्त शोधून सापडणार नाही, त्यांनीही काठ सोडला नाही.

यातून मला उमगले ते इतकेच. आपण होऊन सोडले तो त्याग. दुसऱ्याने हिरावले ती हानी. हानी झालेल्याला त्यागाचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या जखमेवर आपली विद्वत्ता चोळणे. वैराग्य स्वतःच्या घरापासून सुरू करावे, शेजाऱ्याच्या नव्हे.

मग गेलेल्याला कवटाळून बसावे काय? तसेही नाही. गाथा वर आली. मुळशीची गावे वर आली नाहीत आणि येणारही नाहीत. पण शोक आणि साक्ष यांत अंतर आहे. शोक माणसाला बसवतो, साक्ष त्याला उभे ठेवते. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा असते, म्हणून ती भंगली की विसर्जनाचा विधी. हा फोटो मूर्ती नव्हे, तो साक्षीदार आहे. साक्षीदार म्हातारा झाला म्हणून कोणी त्याला डोहात ढकलत नाही. आणि ज्या पाण्याने देऊळ घेतले, त्यालाच त्याची शेवटची खूणही आपल्या हाताने द्यायची?

मी आजींची क्षमा मागितली. मुलाला सांगितले, "देव्हाऱ्यात ठेवू नकोस, पाण्यातही सोडू नकोस. याची चांगली प्रत काढून घे आणि भिंतीवर लाव. त्रिपुरी पौर्णिमेला गावोगावच्या दीपमाळा उजळतात, त्या रात्री याच्यापुढे एक पणती लाव."

वाचकहो, तुम्हीही संध्याकाळी घरातला दिवा लावाल. बटण दाबताना क्षणभर थांबा. हा उजेड कोणाच्या अंगणातून आला, एवढे मनात आणा आणि मग हरिपाठाला बसा.

रामकृष्णहरि.