लोड करू का, मामा?

पांढरा जादूगार मेला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे राहायला आली होती. मांडीवर लॅपटॉप, शेजारी चकलीची वाटी आणि पडद्यावर ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’. एका ऑर्काची तलवार दोनदा खाली आली, मग दुसऱ्याची दोनदा, आणि गावाच्या घरावर उभी असलेली ती पांढऱ्या झग्यातली आकृती विरून गेली. भाचीनं कळफलकावरचे हात उचलून घेतले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “लोड करू का, मामा?”

हा खेळ ज्यांनी खेळला आहे त्यांना या तीन शब्दांचं वजन वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये हा खेळ सुरू केला आणि पुढे अनेकांनी स्वतःहून हातभार लावून तो वाढवला. तो फुकट मिळतो, त्याचा सोर्स कोडही खुला आहे. षट्कोनी घरांचा नकाशा, त्यावर एल्फ, ऑर्क, बुटके आणि उठून चालणारे सांगाडे. आधी आपली चाल, मग शत्रूची. वार लागणार की चुकणार हे नशिबावर असतं, पण ते नशीब मोजलेलं असतं. ज्याच्यावर वार होतोय तो कुठे उभा आहे, यावर बरंचसं ठरतं. माणूस मैदानात उभा असेल तर शंभरातले साठ वार त्याला लागतात, गावात किंवा किल्ल्यात असेल तर चाळीस, उथळ पाण्यात सापडला तर ऐंशी. दिवसा माणसांचा जोर पाव पटीनं वाढतो आणि रात्री ऑर्कांचा. लढाईत तगलेले शिपाई आपला अनुभव घेऊन पुढच्या लढाईत येतात, त्यांना बोलावून घ्यायला २० सोन्याची नाणी लागतात. मेलेला शिपाई मात्र त्या मोहिमेत पुन्हा येत नाही.

आणि तरीही तो परत आणता येतो. कारण प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला खेळ आपोआप सेव्ह होतो. मागची फेरी लोड केली की काही घडलंच नाही.

“आधी चूक काय झाली ते सांग,” मी म्हटलं.

ती संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हिशोब तिच्या ओठांवरच होता. “काहीच चूक नाही. त्याला गावात ठेवला होता. ३५ पैकी ३५ जीव शिल्लक. समोरून दोनच ऑर्क पोचू शकत होते. रात्र होती, म्हणून त्यांचा ९ चा वार ११ चा झाला. दोघांचे मिळून चार वार. तीन लागले तरी ३३, म्हणजे वाचला असता. चारही लागले तरच मरणार. शून्य पॉइंट चारचा चौथा घात.”

“म्हणजे?”

“दोन पॉइंट छप्पन्न टक्के. मामा, मी चूक केली असती ना, तर निमूट सोसली असती. चूक नाही केली म्हणून तर लोड करायचंय.”

मला हे अपेक्षित नव्हतं. मी इतकी वर्षं याच्या बरोबर उलट नियम पाळत आलो आहे. माउस भलत्या घरावर पडला किंवा एखादा नियमच ठाऊक नव्हता, तर मी मागे जातो. फासा उलटा पडला तर जात नाही. माझ्या मते चूक दुरुस्त करायला मागे जाणारा काहीतरी शिकून येतो. नशीब दुरुस्त करायला मागे जाणारा तीच चाल पुन्हा खेळतो आणि निकाल तेवढा दुसरा मागतो.

तिला मी हेच सांगितलं. “लोड करशील, जादूगार त्याच गावात ठेवशील आणि या वेळी तो वाचेल. हे चार-पाच वेळा केलंस की तुझ्या लेखी अडीच टक्के म्हणजे शून्य होतील. एवढं संख्याशास्त्र शिकून काय उपयोग?”

“पण बरोबर वागलेल्याला शिक्षा का?”

“ही शिक्षा आहे असं कोण म्हणालं?”

आतल्या खोलीत आई जागी होती. तिला खेळातलं काही कळत नाही, पण सूर कळतो. तिथूनच ती म्हणाली, “रडीचा डाव आहे तो. आमच्यात असं कुणी केलं तर त्याला कच्चं लिंबू करायचो.”

कच्चं लिंबू म्हणजे ज्याच्यावर राज्य येत नाही असं लहान पोर. ते बाद झालं तरी पुन्हा आत. सगळे त्याला सांभाळून घेतात आणि कुणीच त्याला खराखुरा भिडू मानत नाही. आईचा शब्द ऐकून भाचीचा चेहरा उतरला, पण ती हरली नव्हती. “आजी, कच्च्या लिंबालाही खेळायला मजा येते,” ती म्हणाली. तेही खरंच आहे. ज्याच्याकडे दिवसातला एकच तास आहे आणि ज्याला गोष्ट शेवटपर्यंत पाहायची आहे, त्यानं लोड केलं तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण?

हा वाद वेस्नॉथपुरता नाही. जपानचा ‘फायर एम्ब्लेम’ १९९० मध्ये आला तेव्हापासून त्यातही मेलेला तो मेलाच असा कायदा होता. २०१० च्या भागात त्याला पर्याय मिळाला, पडलेला योद्धा पुढच्या लढाईत परत येऊ लागला. २०१७ मध्ये तर चाक फिरवून चाली मागे घ्यायची सोय खेळाच्या आतच आली. पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारी गोष्ट २००२ मधली आहे. त्या भागापासून खेळ एका वारासाठी दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेऊ लागला. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसतं तेव्हा वार खरा लागतो तो ९८ टक्के वेळा.

“म्हणजे खोटं सांगतात?” भाची ताठ बसली.

“आपल्याला ९० म्हणजे जवळजवळ नक्की असं वाटतं. आकडा त्या वाटण्याला जुळवून घेतलाय.”

“आणि वेस्नॉथ?”

“इथे ६० म्हणजे ६०.”

तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. “खरं सांगतो आणि वर सेव्हही करून ठेवतो. मग मी काय करायचं?”

पेच तो हाच. खेळानं दार उघडं ठेवलं आहे, त्यातून जायचं की नाही हे ठरवायला मात्र दुसरं कुणी नाही. समोर प्रतिस्पर्धी नाही, पंच नाही, फसवला जाणारा कुणी नाही. बुद्धिबळात मोहऱ्याला हात लावला की तोच हलवावा लागतो, कारण समोर माणूस बसलेला असतो. इथे कुणाला दिलेला शब्द मोडतोय आपण?

मला सभापर्वातलं द्यूत आठवलं. युधिष्ठिर राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला आणि द्रौपदीला हरला. पुढे धृतराष्ट्रानं द्रौपदीला वर दिले आणि गेलेलं सगळं परत केलं. डाव पुसला गेला. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलेही. वाटेतच पुन्हा बोलावणं आलं आणि तोच माणूस त्याच शकुनीसमोर जाऊन पुन्हा बसला. परत मिळालेल्या डावात तो वेगळं काही खेळला नाही. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास त्याच्या वाट्याला आला तो या दुसऱ्या डावात.

“पण ते फासे शकुनीचे होते,” भाची म्हणाली. “माझे फासे सरळ आहेत. आणि मामा, तू सारखं माझ्या शिकण्याबद्दल बोलतोयस. त्याच्याबद्दल बोल ना. मी लोड केलं तर तो जगतो. तू नको म्हणतोस, म्हणजे तो मेलेलाच राहू दे म्हणतोस. यात दयाळू कोण?”

हा मुद्दा मनात घर करून राहण्यासारखा आहे. मी लगेच उत्तर दिलं नाही. मग विचारलं, “मागच्या लढाईत घोडेस्वाराला त्या भालेवाल्यावर सोडलास तेव्हा किती टक्के होते?”

ती गप्प. घोडेस्वार तुटून पडतो तेव्हा दुप्पट मारतो आणि समोरच्याचाही मार दुप्पट खातो, त्यात भाल्यापुढे घोड्याचं काही चालत नाही.

“पाहिलेच नव्हते,” ती म्हणाली. “माहीत होतं की लोड करता येईल. दोनदा केलं.”

“आणि आज?”

“आज ठरवलं होतं की लोड करायचं नाही. म्हणून त्याला गावात ठेवला. आधी त्याचा जीव पूर्ण भरू दिला. कोण कुठवर पोचतो ते घरं मोजून पाहिलं.”

माझं म्हणणं तिनंच माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं होतं. जो परत आणता येतो त्याला आपण कुठेही उभा करतो. मी तेवढ्यावर थांबलो असतो तर वाद मी जिंकला असता. पण तिनं थांबू दिलं नाही.

“मग आता दुसरं सांग. मागच्या फेरीत पुलाजवळ माझे दोन एल्फ गेले. नवे होते, १४-१४ नाण्यांचे. जादूगाराच्या वाटेवर मीच त्यांना उभं केलं होतं, ऑर्क त्यांच्यात अडकावेत म्हणून. तेव्हा तू काही बोलला नाहीस. मीही लोडचं नाव काढलं नाही. लोड करायचं नाही असं ठरवलं की कुणाला तरी पुढे उभं करावंच लागतं, मामा. तुझ्या नियमानं मी जादूगाराला जपायला शिकले आणि त्या दोघांना खर्च करायला.”

वेस्नॉथमध्ये प्रत्येक एल्फाला नाव असतं. पहिल्या दिवशी भरती झालेल्यालाही असतं. त्या दोघांची नावं तिला आठवत नव्हती. मलाही नव्हती.

यावर माझ्याकडे पुरं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. एवढंच म्हणालो, की लोड करत राहिलीस तर हा हिशोब कधी डोळ्यांसमोर येणारच नाही. सगळेच जगतील आणि आपण कुणाला पुढे ठेवतो, शेवटचा वार कुणाच्या वाट्याला देतो, कुणाचा अनुभव वाढवण्यासाठी कुणाला झिजवतो, हे विचारायची वेळच येणार नाही. शत्रूला मारणाऱ्याला त्या शत्रूच्या पातळीच्या आठपट अनुभव मिळतो. नुसता वार झेलत उभा राहणाऱ्याच्या पदरात पडतो तो पातळीएवढा, म्हणजे एक-दोन. पुलावरच्या दोघांनी झेललं आणि अनुभव मिळवला दुसऱ्यांनी.

“हिशोब दिसला म्हणून तो बरोबर होत नाही,” ती म्हणाली.

“नाही होत.”

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या कल्पनेवर लिहिलं. नेगलच्या उदाहरणाचा सारांश असा: दोन चालक सारखेच बेफिकीर, एकाच्या गाडीपुढे मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही, आणि आपण पहिल्यालाच अपराधी धरतो. मी हे भाचीला सांगितलं, कारण तिची तक्रार याच जातीची होती. नीट विचार करून ठेवलेला जादूगार मरतो, अविचारानं सोडलेला घोडेस्वार वाचतो, मग चाल चांगली कुठली म्हणायची?

ती उठून पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. मला वाटलं आता लोड करणार. तिनं खेळातला आकडेवारीचा तक्ता उघडला. वेस्नॉथमध्ये असा एक तक्ता आहे. आपण किती मार दिला, किती खाल्ला आणि नशीब अगदी सरासरीवर असतं तर किती झाला असता, हे त्यात शेजारी शेजारी दिसतं. मी तो क्वचितच उघडतो. तिच्या विषयाच्या माणसाला तो आधी सुचायला हवा होता, पण दुःखात तिलाही सुचला नव्हता.

या फेरीचे आकडे वाईट होते, ते ठाऊकच होतं. तिनं पूर्ण लढाईचे आकडे पाहिले. सरासरीनं जेवढा मार आमच्या सैन्याला बसायला हवा होता, त्यापेक्षा कमीच बसला होता. आणि आमचे वार लागायला हवे होते त्यापेक्षा थोडे जास्त लागले होते.

तिनं आकडे दोनदा वाचले. “म्हणजे आज रात्रभर नशीब माझ्याच बाजूनं होतं.”

“दिसतंय तसं.”

“तिसऱ्या फेरीत तो ऑर्कांचा सरदार एका झटक्यात पडला. तेव्हा मी ओरडले होते आनंदानं. ते नशीब परत करायला लोड करू का असं नाही विचारलं मी.”

यावर मी काही बोललो नाही. मला जे म्हणायचं होतं ते या एका वाक्यात होतं, आणि ते तिला फाशांनीच सांगितलं होतं. माझं मत मी इथे स्पष्ट लिहितो: लोड करणं हे पाप नाही, पण जो वाईट फासा परत करतो आणि चांगला ठेवून घेतो, त्याला आपण कसे खेळलो हे कधीच कळणार नाही. पुलावरच्या दोघांचं मात्र मी अजून काही ठरवू शकलेलो नाही. माझ्या नियमाची किंमत तेच भरतात आणि हे मला भाचीनं दाखवलं.

बारा वाजून गेल्यावर तिनं तक्ता बंद केला, लोड न करता फेरी संपवली. पहाट झाली तशी ऑर्कांची धार कमी झाली आणि दोन फेऱ्यांत तिनं ते गाव परत घेतलं.

पुढच्या लढाईच्या सुरुवातीला बोलावायच्या शिपायांची यादी उघडली. पांढऱ्या जादूगाराचं नाव त्यात नव्हतं. तिनं एक नवा, कोरा जादूगार भरती केला आणि चाल करण्याआधी त्याचं नाव एका वहीत लिहून घेतलं. मग त्याच्यापुढे उभ्या केलेल्या दोन एल्फांचीही नावं लिहिली. नव्या जादूगाराला २० नाणी लागली. जुना जिवंत असता तर त्याला बोलावून घ्यायलाही तेवढीच लागली असती.