मार खाणे हे प्रारब्ध काय?

अकोला-अमरावतीकडच्या खेड्यांत कीर्तनाला गेलो म्हणजे एखादी माउली हळूच सांगते, "मारते नवरा, पण माह्या नशिबातच हाय ते, बुवा." भोवतीची जाणती मंडळीही मान हलवितात. भोगल्यावाचून प्रारब्ध सुटत नाही म्हणे!

वाचकहो, कर्माचे संचित, प्रारब्ध व क्रियमाण हे भेद आपणांस ठाऊक आहेत. पाठीवरचा वळ तिचे प्रारब्ध असे घटकाभर मानू. पण उगारलेला हात? ते नवऱ्याचे क्रियमाण आहे. आज, त्याच्या इच्छेने घडते आहे. प्रारब्ध हा शब्द ज्याने त्याने आपल्या दुःखापुरता वापरावा. शेजाऱ्याने तो उच्चारून दार लावून घेणे, याला शास्त्राचा आधार नाही.

सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी शंभरात सुमारे २९ जणींनी नवऱ्याचा मार वा बळजबरी सोसल्याचे सांगितले. नवरा वारंवार झिंगणारा असेल तेथे हाच आकडा ७०. शाळा कमी तेथे मार अधिक. आईला मार खाताना जिने पाहिले तिच्याही वाट्याला अधिक. प्रारब्ध जर गुत्त्याची आणि शाळेची वाट विचारून येत असेल, तर ते कसले प्रारब्ध? आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून जन्मभर दारूवर कोरडे ओढले ते उगाच नव्हे. त्यांचे वडील दारूपायीच गेले होते.

आता माळकरी म्हणतील, आमच्या घरी दारू नाही. खरे, पण त्याच पाहणीत न पिणाऱ्यांच्या घरचा आकडा २३ आहे. संत बहिणाबाईंनी आपले चरित्र स्वतःच अभंगांत सांगितले आहे, ते पाहा. पाच वर्षांची नवरी, तिशीचा बिजवर. घर दारुड्याचे नव्हे, वेदपाठी ब्राह्मणाचे! बायको तुकोबांचा ध्यास घेते, लोक तिला मानू लागतात, हे त्यांना सोसेना. त्यांनी तिला मारले, बांधूनही घातले. कीर्तनात हा भाग भक्तीची कसोटी म्हणून रंगतो. वयाचे अंतर, कुळाचा ताठा, बायकोचे नाव वाढल्याची जळजळ, ही कारणे मात्र कोणी उलगडत नाही.

कोणी मनूचा आठवा अध्याय काढील. अपराधी भार्येला दोरीने किंवा वेळूच्या कांबीने मारावे, असे तेथे आहे, आम्ही ते गुरूंपाशी वाचले आहे. पण त्याच यादीत दासही आहे. दास ठेवणे आपण सोडले. मग भार्येपुरतेच ते वचन कशाला जपायचे? पाहणीतल्या शंभरातल्या ४५ बायकांनाच काही कारणांसाठी नवऱ्याने मारणे रास्त वाटते, हे वाचून तर आम्हांस माराहून अधिक वाईट वाटले. हे त्यांना शिकविले कोणी?

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००६ पासून लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे त्या बाईनेच गेले पाहिजे असे नाही. शेजाऱ्यालाही कळविता येते, आणि सद्भावनेने कळविणाऱ्यावर त्याचा बोल येत नाही.