क्षमा आणि विस्मृति

‘झालें गेलें विसरून जावें’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि क्षमा करणें म्हणजेच विसरणें अशी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी, याचा विचार करूं लागलों म्हणजे माझ्या मनापुढें हेन्री आरन या अमेरिकन खेळाडूचें चरित्र उभें राहतें.

आरनचा जन्म १९३४ सालीं अलाबामा राज्यांतील मोबील येथें एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. १९५४ ते १९७६ अशीं तेवीस वर्षें तो व्यावसायिक बेसबॉलच्या वरिष्ठ संघांतून, बहुधा मैदानाच्या उजव्या टोकाची राखण करीत, खेळला. क्रिकेटमध्यें षटकाराचें जें स्थान, स्थूलमानानें तेंच बेसबॉलमध्यें ‘होम रन’चें. असे ७५५ फटके त्यानें मारले. तथापि एकाहि वर्षीं त्यांची संख्या पन्नासास पोंचली नाहीं. सातत्य हेंच त्याचें बळ होतें.

बेब रूथ या गोऱ्या खेळाडूचा ७१४ चा उच्चांक तेथील जनतेस जणूं देवघरांतील वस्तु वाटे. १९७३ चा हंगाम संपला तेव्हां आरन ७१३ वर होता. त्या वर्षीं त्याला नऊ लक्षांहून अधिक पत्रें आलीं. त्यांत कौतुकाचीं पुष्कळ होतीं. परंतु काळ्या मनुष्यानें गोऱ्याच्या पुढें जाऊं नये म्हणून शिव्या देणारीं आणि जिवें मारण्याची धमकी देणारीं पत्रेंहि थोडीं नव्हतीं. ८ एप्रिल १९७४ रोजीं अटलांटा येथें त्यानें ७१५ वा फटका मारला, तेव्हां दोन गोरे तरुण धांवत मैदानांत शिरले. ते पाठ थोपटण्यास आले होते. पण त्या दिवसांत अभिनंदन कोणतें आणि हल्ला कोणता हें दुरून ओळखणें कठीण होतें.

तीं द्वेषाचीं पत्रें आरननें जाळलीं नाहींत, जपून ठेविलीं. हें वैर जोपासणें नव्हे काय, असा प्रश्न कोणी करील. मला तसें वाटत नाहीं. ज्या सावकाराला कर्जाची आठवणच नाहीं, त्यानें तें माफ केलें असें आपण म्हणत नाहीं. क्षमेला स्मरण लागतेंच. स्मरण विषारी झालें कीं नाहीं, हें मनुष्याच्या पुढील वर्तनावरून ठरवावें. ७ ऑगस्ट २००७ रोजीं बॅरी बाँड्सनें आरनचा उच्चांक मोडला. उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांमुळें त्याच्या यशाभोंवतीं मोठें वादळ उठलें होतें. तरीहि मैदानांतील पडद्यावर आरनचा अभिनंदनाचा संदेश झळकला. स्वतःच्या वेळीं मत्सराचें रूप पाहिलेल्या मनुष्यानें दुसऱ्याची वेळ आली तेव्हां मत्सर केला नाहीं.

आरननें आत्मचरित्रांत तरुणपणची एक हकीकत दिली आहे. १९५२ सालीं कृष्णवर्णीयांच्या संघाबरोबर तो वॉशिंग्टनमधील एका उपाहारगृहांत जेवला. त्यांचें जेवण आटोपल्यावर त्यांनीं वापरलेल्या बशा आंत फोडल्या जात असल्याचा आवाज त्याला ऐकूं आला. हा आवाज आपणांस परका नाहीं. माझ्या आजोळीं वळचणीला एक कप पालथा घातलेला असे. शेतावरील एका गड्यास त्यांतूनच चहा मिळे, आणि तो त्यानेंच विसळून पुन्हा तेथें ठेवावा असा शिरस्ता होता. मी लहान होतों. मला त्यांत कांहींहि वावगें दिसलें नाहीं. आज ‘आतां तें विसरा’ असें आम्ही म्हणतों, तेव्हां तो कप कोणाच्या वळचणीला होता याचा आम्हांसच विसर पडलेला असतो. क्षमा करावी कीं न करावी हा त्या गड्याचा अधिकार आहे. आमच्याकडे राहिलें तें एवढेंच, कीं तो कप आम्ही विसरूं नये.