बेसिनमधला खर्डा

सकाळी १८ ग्रॅम कॉफी दळून मी एस्प्रेसो काढते. २८ सेकंदांत ३६ ग्रॅम उतरली तर जमली. १५ सेकंदांतच भरभर आली तर आंबट, म्हणून बेसिनमध्ये. दळण बारीक करून पुन्हा. अनुवादाचे खर्डेही मी असेच फाडते, त्याला साक्षेप म्हणते.

पण कॉफीच्या एका फळात बहुधा दोनच बिया. चिकमगळूरच्या उतारावर कुणीतरी पिकलेली लाल फळे पाहून, एकेक खुडून जमवलेली ओंजळ मी ओतून दिली. खर्ड्यात श्रम माझे होते, इथे दुसऱ्याचे. पैसे मोजले, हे खरे. पण त्यातून श्रम वाया घालवण्याचा हक्कही मिळतो का?

हल्ली बिघडलेली कॉफी दूध घालून पिते. दळण उद्यासाठी बारीक करून ठेवते.